चाळिशीत गॅरेजात शिरायचं म्हणता? लोक मला जे जे विचारतात ते सगळं, नागपूरवाल्यांसाठी

मी १६ वर्षं एमआर होतो, म्हणजे औषध कंपनीची बॅग घेऊन डॉक्टरांच्या दाराशी ताटकळत बसणारा माणूस. वर्धा, यवतमाळ, उमरेड, चंद्रपूर, सगळं मोटरसायकलवर. ३९व्या वर्षी बॅग खाली ठेवली आणि पाना उचलला. आता ४५ चा आहे, बेसा रोडला छोटं शेड आहे, दोन गाड्या आत मावतात, तिसरी आली की झाडाखाली. आठवड्यात एकतरी फोन येतोच की भाऊ मलाही नोकरी सोडून हेच करायचं आहे, आणि मग तेच तेच प्रश्न. बोलून बोलून घसा बसला म्हणून लिहून राहिलो. क्रमबिम काही नाही, जसं आठवलं तसं.

वय ४० च्या वर आहे, आता शिकणं जमेल का?

जमते. हाताला सवय लागायला मला आठ-नऊ महिने लागले, विशीतल्या पोराला तीन लागले असते, एवढाच फरक. ताकदीचा प्रश्न लोकांना वाटतो तेवढा नाही, लांब दांडा लावला की घट्ट बसलेला बोल्टही सुटतो.

खरा त्रास कशाचा झाला सांगू? चष्म्याचा. माझा बायफोकल होता. त्यात वाचायचा भाग खाली असतो, आणि गाडीखाली उताणं झोपलं की बोल्ट असतो वर. मग मान अशी मागे टाकायची की दुसऱ्या दिवशी हलत नाही. शेवटी फक्त जवळचं दिसणारा वेगळा स्वस्तातला चष्मा करून घेतला, तो गॅरेजातच राहतो, काचेवर ग्रीसचे ठसे घेऊन. चाळिशीच्या वरच्या प्रत्येकाला मी आधी हेच सांगतो, पान्यांच्या सेटआधी चष्मा.

आयटीआय करावं की सरळ एखाद्या गॅरेजात बसावं?

याचं उत्तर तुमच्या घरात दुसरा पगार आहे की नाही यावर आहे.

आयटीआयमध्ये मेकॅनिक मोटर व्हेईकल हा ट्रेड २ वर्षांचा आहे, मेकॅनिक डिझेल १ वर्षाचा. दहावी पास लागते, वयाची खालची अट १४ वर्षं, वरची अट नाही, त्यामुळे ४२ व्या वर्षीही फॉर्म भरता येतो, फक्त वर्गात बाजूला बसलेला पोरगा तुम्हाला सर समजून उभा राहील. नागपूरचं सरकारी आयटीआय श्रद्धानंद पेठेत आहे, सगळ्यांना माहीतच असेल. प्रवेश ऑनलाइन असतो, दहावीचा निकाल लागला की प्रक्रिया सुरू होते, म्हणून जुनी मार्कशीट, टीसी, जातीचा दाखला लागत असेल तर तो, हे मे महिन्यातच शोधून ठेवा. माझी टीसी माळ्यावरच्या पेटीत गव्हाखाली सापडली.

फायदा काय, तर इंजिन कसं चालते हे मुळापासून कळते आणि सर्टिफिकेट देशभर चालते. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला अर्ज करायचा असेल, पुढे अप्रेंटिस म्हणून लागायचं असेल, तर ते कामात येते. तोटा हा की दिवसाचे वर्ग असतात, म्हणजे नोकरी करता करता होत नाही.

मी काय केलं? मी सरळ एका गॅरेजात बसलो कारण दोन वर्षं बिनकमाईचा राहणं परवडणारं नव्हतं. नंतर अनुभवावर परीक्षा देऊन आरपीएलचं सर्टिफिकेट घेतलं. म्हणजे ज्याला काम येते पण कागद नाही अशा माणसाची थोडक्यात तपासणी करून कागद देतात, वाहन क्षेत्रासाठी वेगळी स्किल कौन्सिलच आहे. पण खरं सांगतो, पुस्तकाची बाजू माझी कच्ची राहिली, अजूनही वायरिंगचा नकाशा वाचताना पोट्ट्यांना विचारतो. पैशाची सोय असती तर आयटीआय केलं असतं.

ते यूट्यूबवर सगळं असते, ते पाहून नाही का होत?

नाही. बोल्ट किती जोरात कसायचा ते मोबाइलमधून हाताला कळत नाही.

पहिले काही महिने काय काम देतात?

गाड्या धुणं, हत्यारं पुसणं, चहा आणणं, आणि "तो १४ चा रिंग पाना दे". तिसऱ्या महिन्यात ऑइल बदलायला मिळालं आणि तिथेच मी पहिलं मोठं नुकसान केलं. ड्रेन बोल्ट, म्हणजे तेल काढायचा खालचा बोल्ट, असा कसला जसा ट्रॅक्टरचा असावा, आणि खालचं तेलाचं चेंबर होतं ॲल्युमिनियमचं, आटे गेले. तेल थेंब थेंब सुरू. मालकानं शिव्या नाही दिल्या, फक्त म्हणाला "काका, हे औषध जास्त झालं". नवे आटे पाडून वर इन्सर्ट बसवावं लागलं, पैसे माझ्याच पगारातून गेले. त्या दिवसानंतर टॉर्क रेंच (जोर मोजून कसायचा पाना) म्हणजे श्रीमंतांचे चोचले असं मी कोणाला म्हणू दिलं नाही. गाडीच्या मॅन्युअलमध्ये आकडा दिलेला असतो, तेवढाच कसायचा, अंदाज नंतर कधीतरी, दहा वर्षांनी.

२२-२४ वर्षाचा पोरगा उस्ताद असतो, कमीपणा नाही वाटत?

वाटते. खोटं कशाला बोलू. माझा उस्ताद २४ चा, मी ३९ चा, तो मला काका म्हणायचा आणि मी त्याला उस्ताद, आणि दोघांनाही पहिला आठवडा अवघड गेला. तो मला काम सांगायला लाजायचा आणि मी विचारायला. मग एकदा दुपारी तर्री पोहे खाता खाता मीच म्हटलं, बापा, मी इथे काका नाही, मला चुकलं तर सगळ्यांसमोर बोल. त्यानं खरंच बोलायला सुरुवात केली. जरा जास्तच केली.

एमआरच्या नोकरीत शेवटी शेवटी माझ्याहून दहा वर्षं लहान मॅनेजर टार्गेटवरून झापायचा ते ऐकलंच होतं की. इथे निदान झापणाऱ्याला काम येत होतं.

पैसे किती मिळतात?

मी फक्त माझं सांगतो, दुसऱ्याचं सांगून फसवत नाही. नोकरी सोडली तेव्हा हातात ३८ हजार यायचे. गॅरेजात पहिले पाच महिने ७ हजार. दुसऱ्या वर्षी १४ हजार. जुन्या पगाराशी बरोबरी व्हायला चार वर्षं लागली, ती पण स्वतःचं शेड टाकल्यावर. मधल्या काळात बायकोच्या शाळेतल्या पगारावर घर चाललं, हे मी कुठेच लपवत नाही. उडी मारायच्या आधी किमान आठ-दहा महिन्यांचा खर्च बाजूला पाहिजे, आणि गाडीचे, घराचे हप्ते चालू असतील तर ते आधी फेडा. पोरांच्या शाळेची फी जूनमध्ये येते आणि ती थांबत नाही.

टू व्हीलर, कार की ट्रक?

टू व्हीलरमध्ये भांडवल कमी, शिकणं लवकर, गिऱ्हाईक रोज. कारमध्ये एका कामाला पैसा जास्त पण हत्यारं आणि जागा दोन्ही लागतात. ट्रकचं काम वाडी, कळमना भागात भरपूर, कारण देशाचे उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम जाणारे दोन मोठे हायवे नागपुरातच भेटतात, ४४ आणि ५३ नंबरचे. पण ते काम अंगमेहनतीचं, रात्री-बेरात्रीचं, चाळिशीनंतर नव्यानं त्यात शिरू नये असं माझं मत. कंबर एकच आहे.

हत्यारं कोणती घ्यावी आणि कुठून?

सगळा सेट एकदम घेऊ नका. फिक्स आणि रिंग पाने ८ ते १९, गोट्यांचा म्हणजे सॉकेटचा मध्यम सेट, रॅचेट, चांगली पक्कड, पेचकस, हातोडी, टॉर्क रेंच, व्होल्ट मोजायला मल्टिमीटर, हेडलाइट म्हणजे डोक्याला लावायचा. मारुतीच्या गाड्यांत १०-१२-१४-१७ जास्त लागतात, दुसऱ्या बऱ्याच गाड्यांत १३ लागतो, म्हणून मधला नंबर सोडून सेट घ्यायचा नाही. हातोडी-पक्कड इतवारीत लोहाओळीत फिरून घ्या, भाव करता येतो. पण गोट्या आणि टॉर्क रेंच स्वस्तातले नको, स्वस्त गोटी बोल्टाचे कोपरे खाऊन टाकते आणि मग जो बोल्ट दोन मिनिटात सुटला असता त्याला वेल्डिंगवाला बोलवावा लागतो.

आणि घोडी, म्हणजे उचललेल्या गाडीखाली लावायचा लोखंडी स्टँड. नुसत्या जॅकवर गाडी उचलून खाली जाणाऱ्याला माझ्या शेडमध्ये दुसरा दिवस नाही.

स्कॅनर घेतला की बिघाड आपोआप कळतो ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो म्हणून जरा लांबच लिहितो.

एप्रिल २०२० पासून बीएस६ म्हणजे धुराचे कडक नियम आले, आणि मोटरसायकलपासून ट्रकपर्यंत सगळीकडे सेन्सर वाढले, कार्बोरेटरची गाडी नवीन मिळणं जवळपास बंद झालं. कारमध्ये स्टिअरिंगखाली १६ पिनांचं सॉकेट असते, त्यात स्कॅनर लावला की बिघाडाचा कोड येतो. इथपर्यंत बरोबर. पण कोड म्हणजे तक्रार आहे, निदान नाही. पेशंट म्हणते पोटात दुखून राहिलं, यावरून डॉक्टर लगेच अपेंडिक्स कापत नाही.

एक गाडी आली होती, कोड पी०१७१, म्हणजे इंजिनात हवा जास्त आणि पेट्रोल कमी जाते आहे. आधी कुठेतरी दाखवली होती, तिथे कोड बघून ऑक्सिजन सेन्सर बदलला, मालकाचे हजारो गेले, दिवा परत लागला. मी काही हुशारी नाही केली, फक्त विचारलं की कधीपासून. म्हणाला एअर फिल्टर बदलल्यापासून. फिल्टरपुढच्या रबरी पाइपला खालून चीर गेली होती, वरून दिसत नव्हती, हात फिरवल्यावर लागली. तिथून आत जाणारी हवा सेन्सर मोजतच नव्हता, मग इंजिनाचा हिशोब चुकणारच ना.

दुसरी अशीच, सकाळी स्टार्टर कण्हत होता. बॅटरी नवी, तरी तेच. मल्टिमीटर लावला, बंद गाडीत बॅटरी १२.६ व्होल्ट, म्हणजे भरलेली. चालू केल्यावर १४.१, म्हणजे चार्जिंगही ठीक. मग स्टार्टर फिरवताना बॅटरीची मायनस आणि इंजिनची बॉडी यांच्यात मोजलं, तिथे पाव व्होल्टाच्या आत पाहिजे, होता एकाच्या वर. अर्थची पट्टी बोल्टाखाली गंजली होती. सॅन्डपेपर, नवा बोल्ट, काम खतम. गिऱ्हाईक विचारते एवढ्याच कामाचे पैसे? मी म्हटलं घासायचे नाही, कुठे घासायचं त्याचे.

पावसाळ्यात तर आधी बोनेट उघडून उंदराच्या लेंड्या शोधायच्या. वायर कुरतडली की स्कॅनर पाच-पाच कोड एकदम दाखवतो आणि नवा मेकॅनिक घाबरून पाच सेन्सर लिहून देतो.

एमआर असताना डॉक्टरांच्या केबिनबाहेर बसून मी १६ वर्षं एकच ऐकलं, कधीपासून, जेवणाआधी की नंतर, आधी कोणाला दाखवलं, काय घेतलं. ते सगळं आता कामात येऊन राहिलं. दुसऱ्या करिअरमध्ये येणाऱ्या माणसाकडे वेगवान हात नसतात पण प्रश्न विचारायची आणि ऐकून घ्यायची सवय असते, मग तो आधी शिक्षक असो, बँकेत असो की किराणा दुकानात.

नागपूरच्या उन्हात टिनाच्या शेडखाली काम होते का?

मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, टिनाखाली त्याहून जास्त, पाना उन्हात राहिला तर हाताला चटका बसतो. नवतप्याच्या नऊ दिवसांत आम्ही सकाळी ७ ते ११ आणि संध्याकाळी ५ नंतर काम करतो, दुपारी फक्त फोन. कूलर, खिशात कांदा ज्याला पटेल त्यानं ठेवा, पाणी मात्र तहान नसली तरी प्यायचं.

गंमत ही की हाच आमचा सीझन. एसी थंड करत नाही, गाडी गरम होते, बॅटरी मेली. लोकांना वाटते बॅटरी थंडीत मरते, आपल्याकडे तिला उन्हाळा मारतो, आतलं पाणी उडते, प्लेटा खराब होतात, हिवाळ्यात फक्त कळते. आणि गरम इंजिनवर रेडिएटरची टोपी उघडायची नाही. कोणीही घाई केली तरी नाही. आत दाबाखाली शंभराच्या वर तापलेलं पाणी असते, टोपी सैल झाली की ते सरळ तोंडावर येते.

ईव्ही आल्यावर हे सगळं बंदच होणार नं?

नागपूरला हा प्रश्न जुना आहे, मे २०१७ मध्ये इलेक्ट्रिक टॅक्सींचा मोठा प्रयोग इथूनच सुरू झाला होता. तेव्हाही लोक म्हणत होते की पेट्रोलचे गॅरेज पाच वर्षांत बंद. तसं झालं नाही. रस्त्यावर आज धावणाऱ्या पेट्रोल-डिझेलच्या गाड्या अजून कित्येक वर्षं दुरुस्त कराव्या लागतील. पण ईव्हीकडे पाठ फिरवूनही चालणार नाही. ब्रेक, सस्पेन्शन, टायर, एसी, बारा व्होल्टची बॅटरी हे तिच्यातही आहे, इंजिन ऑइल आणि क्लच नाही. फक्त नारंगी रंगाच्या जाड केबल दिसल्या की हात मागे, त्यात कारमध्ये शेकडो व्होल्ट असतात, ट्रेनिंग आणि इन्सुलेटेड हातमोज्यांशिवाय नाही म्हणजे नाही. नव्यानं शिकणाऱ्यानं इलेक्ट्रिकलची बाजू पहिल्या दिवसापासून धरावी, जुने उस्ताद त्यात कमी पडतात आणि तिथेच आपल्याला जागा आहे.

समृद्धी महामार्गामुळे काही काम वाढलं का?

टायरचं. डिसेंबर २०२२ ला नागपूर-शिर्डी सुरू झालं तेव्हापासून लोक जायच्या आदल्या संध्याकाळी गाडी घेऊन येतात, जरा पाहून द्या म्हणतात. १२० ची मर्यादा, सिमेंटचा रस्ता, तासन्‌तास एकाच वेगात, आणि टायर आठ वर्षं जुना. टायरच्या बाजूला शेवटी चार आकडे असतात, २३१९ असेल तर २०१९ सालचा २३ वा आठवडा. नक्षी चांगली दिसते म्हणून टायर चांगला असं नाही, रबर वयानं कडक होते. मी हे गिऱ्हाइकाला हाताला धरून दाखवतो. काही बदलतात, काही "परत आल्यावर पाहू" म्हणतात.

घरचे काय म्हणाले?

बाबा आठवडाभर बोलले नाहीत. मामा म्हणाले, "शिकून सवरून कायले पाने उचलतं बे?" बायकोनं एकच अट घातली, ग्रीसचे कपडे घरच्या मशीनमध्ये टाकायचे नाहीत. ती आजही लागू आहे. पोराच्या शाळेत वडिलांचा व्यवसाय लिहायचा होता तेव्हा त्यानं आधी मला विचारलं काय लिहू, ते जरा लागलं. मेकॅनिक लिही म्हटलं. आता मामांची गाडी माझ्याकडेच येते आणि ते पैसे देत नाहीत.

बायकांना हे काम जमते का?

का नाही? माझ्याकडे एक पोरगी सहा महिने शिकून गेली, तिचे हात माझ्यापेक्षा बारीक म्हणून डॅशबोर्डमागचं काम तीच करायची. शेडमध्ये बाथरूम पाहिजे, ही अडचण खरी आहे आणि ती मालकानं सोडवायची आहे.

स्वतःचं गॅरेज कधी टाकावं, कागदं काय लागतात?

तीन वर्षांच्या आत नको. आणि गिऱ्हाईक मालकाकडून पळवून तर अजिबात नको, नागपूर मोठं दिसते पण या धंद्यात सगळे एकमेकांना ओळखतात.

कागदं फार नाहीत. माणसं मोजकीच असतील तर २०१७ च्या दुकान कायद्यानुसार फक्त सूचना द्यायची असते, ऑनलाइन होते, लोक अजून त्याला गुमास्ताच म्हणतात. उद्यम नोंदणी फुकट आहे, त्याचे पैसे मागणारा दलाल दिसला की उठून यायचं. सेवेचा धंदा असल्यानं वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी. मुद्रा कर्जात ५० हजारांपर्यंत शिशु, ५ लाखांपर्यंत किशोर, १० लाखांपर्यंत तरुण. मी किशोरमधून घेतलं, बँकेच्या किती चकरा मारल्या ते विचारू नका, सोबत कोटेशन आणि सहा महिन्यांचा हिशोब नेला तेव्हा फाइल हलली. काळं तेल नालीत ओतायचं नाही, तो धोकादायक कचरा आहे, परवानाधारक रिसायकलरकडेच द्यायचा, आणि तो पैसे देऊन नेतो, त्यामुळे ओतणाऱ्याचं मला नवलच वाटते.

गाडी उचलायची लिफ्ट लगेच घेऊ नका. आधी जमिनीखाली सिमेंट किती आहे ते पाहा.

मला गाड्यांची खूप आवड आहे, म्हणून येऊ का?

आवड असलेले जास्त लवकर पळतात. त्यांना स्पोर्ट्स कार पाहिजे असते आणि समोर येते दहा वर्षांची हॅचबॅक जिच्या सीटखाली सांडलेलं ताक आहे.

माझी गाडी वळताना कटकट आवाज करते, फोनवर सांगता का काय झालं?

फोनवर नाही, घेऊन या. पण येण्याआधी मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण डावीकडे वळवून हळू गोल फिरवा, मग उजवीकडे. कोणत्या बाजूला आवाज जास्त, चढावर वाढते का, चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालेलं दिसते का, हे बघून ठेवा. आणि आधी कोणाला दाखवली असेल तर त्यानं काय बदललं ते खरं खरं सांगा, मी रागावत नाही. रविवारी बंद असते.